नॉर्डफ्योर्डच्या नगरपालिका: डाविक, इन्विक, ब्रेइम गेल्या कुठे, आणि जुने आकडे आजच्या नकाशावर कसे बसवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी १९५०च्या सुमाराची नॉर्वेची लोकसंख्या-कोष्टकं आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉर्डफ्योर्ड भागात त्यांत डाविक, इन्विक, ब्रेइम, नोर-वोग्सॉय आणि सोर-वोग्सॉय अशा नगरपालिका दिसतात. आजच्या नकाशात यांतली एकही नाही. २०१९चा नकाशा घेतला तरी बेरजा जुळत नाहीत. तेव्हा 'जुनं नाव – नवं नाव' अशी दोन रकान्यांची यादी कुठे मिळेल किंवा कशी करता येईल?

जुन्या सांख्यिकीची आजच्या हद्दींशी सांगड घालणं हेच माझं काम आहे आणि या भागावर मी बराच काळ घालवला आहे. दोन रकान्यांची यादी इथे चालणार नाही. ब्रेइमपुरती चालेल, इन्विकपुरती ढोबळमानाने चालेल, पण डाविकपाशी ती मोडेल, कारण डाविक कुणा एका नगरपालिकेत गेलंच नाही. त्याचे तीन तुकडे झाले. ते का झाले हे एकदा लक्षात आलं की बाकीचा नकाशा आपोआप उलगडत जातो. म्हणून आधी भूगोल सांगतो, कोष्टकाची रीत शेवटी.

नॉर्डफ्योर्ड हा शंभर किलोमीटरहून थोडा लांब असा समुद्राचा फाटा. पश्चिमेला वोग्सॉय आणि ब्रेमांगेर या बेटांपाशी तो सुरू होतो आणि पूर्वेला योस्टेडाल हिमनदीच्या पायथ्याशी, लोएन-ओल्डेन-स्ट्रिनच्या बाजूला संपतो. उत्तरेला स्टाडचं द्वीपकल्प थेट खुल्या समुद्रात घुसलेलं आहे, आणि तिथला समुद्र इतका खवळलेला असतो की बोटींना आडोशाला थांबून हवामान निवळण्याची वाट पाहावी लागते. दक्षिणेला सुन्फ्योर्ड हा शेजारचा भाग. नॉर्वेतली नगरपालिका शहरापुरती नसते, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. देशाची सगळी जमीन, डोंगर-हिमनद्यांसकट, कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत मोडते. शाळा, प्राथमिक आरोग्यसेवा, वृद्धांची देखभाल, पाणीपुरवठा आणि जमीनवापराचं नियोजन ती पाहते. त्यामुळे हद्द हलली की लोकांचे रोजचे व्यवहार हलतात, आणि तुमच्या कोष्टकातले आकडेही.

ही व्यवस्था सुरू झाली १८३८मध्ये, आदल्या वर्षीच्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानुसार. हद्दी नव्याने आखण्यात कुणी वेळ घालवला नाही. चर्चचे जे मोठे परगणे होते तेच बहुतेक ठिकाणी नगरपालिका झाले. नॉर्डफ्योर्डमध्ये तेव्हा सेल्ये, डाविक, एइड, ग्लॉप्पेन आणि इन्विक या नगरपालिका आल्या. फ्योर्डच्या तोंडाशी असलेलं ब्रेमांगेर त्या वेळी सुन्फ्योर्डकडच्या किन या परगण्यात होतं. किन हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, आणि वेगळ्याच अर्थाने.

चर्चचे परगणे ज्या काळात ठरले त्या काळात रस्ता म्हणजे पाणी. रविवारी प्रार्थनेला, लग्नाला, दफनाला लोक होडीने जायचे. डोंगराची धार ओलांडून पलीकडच्या गावी जाणं कठीण, पण समोरचा किनारा वल्ह्यांच्या अंतरावर. म्हणून जुन्या हद्दी डोंगरमाथ्यावरून जातात आणि फ्योर्डचे दोन्ही काठ एकाच नगरपालिकेत असतात. १८५८मध्ये जिल्ह्याची स्वतःची आगबोट कंपनी निघाली, आणि पाण्यानेच जोडलेल्या या भूगोलाला आणखी बळ आलं. धक्क्यावर बोट थांबली की टपाल, माल, डॉक्टर, सगळं त्याच बोटीतून उतरायचं.

पुढची सत्तर वर्षं तुटण्याची. १८४३मध्ये स्ट्रिन इन्विकमधून वेगळं झालं. १८६६मध्ये ब्रेमांगेर किनमधून, १८६७मध्ये हॉर्निंडाल एइडमधून, १८८६मध्ये ब्रेइम ग्लॉप्पेनमधून निघालं. १९१०मध्ये सेल्येचे तीन भाग झाले: उरलेलं सेल्ये, नोर-वोग्सॉय आणि सोर-वोग्सॉय. एकेका फुटीची कहाणी वेगळी असली तरी ओढ एकच होती. ब्रेइम आणि हॉर्निंडाल ही फ्योर्डपासून आत, तळ्यांकाठची खोरी. तिथल्या लोकांना किनाऱ्यावरच्या सभेला जाणं दूर पडायचं आणि करातून आलेले पैसे किनाऱ्यावर खर्च होतात असं वाटायचं. वोग्सॉयची गोष्ट याच्या उलटी. तिथे मासेमारी आणि व्यापार वाढत होता, मोलॉय हे गाव मोठं होत होतं, आणि स्टाडच्या शेतकरी वस्तीबरोबर एका अंदाजपत्रकात राहणं दोघांनाही जड जात होतं. तुम्ही जर १९००ची जनगणना आणि १९१०ची जनगणना शेजारी ठेवली, तर सेल्येची लोकसंख्या एकदम कोसळलेली दिसेल. त्याला स्थलांतर समजू नका. १९१०ची गणना डिसेंबरात झाली आणि तोवर सेल्येची विभागणी होऊन गेली होती.

आता डाविक. या एका नगरपालिकेवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नॉर्डफ्योर्डचा सगळा प्रश्न तिच्यात सामावलेला आहे.

डाविक फ्योर्डच्या बाहेरच्या अर्ध्यात, पाण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं. चर्च आणि डाविक गाव दक्षिण काठावर. त्याच काठाला आल्फोतेनसारख्या आतल्या खाड्या, आणि पश्चिमेला रुग्सुंड, जिथे जुन्या काळी व्यापाऱ्यांची आणि प्रवाशांची वर्दळ असायची. उत्तर काठावर ब्रिग्या, टोटलांड आणि पूर्वेकडची शेतीची गावं. होडीच्या हिशेबाने ही एकसंध नगरपालिका होती, किंबहुना या भागातली सगळ्यात तर्कशुद्ध. मध्ये फ्योर्ड आणि भोवती गावं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला तिचं मध्य पाण्यात आहे यात काही विचित्र वाटलं नसतं.

मोटारगाडी आली आणि हे सगळं उलटलं. रस्ते काठाकाठाने बांधले जाऊ लागले. उत्तर काठावरचा माणूस रस्त्याने पश्चिमेला मोलॉयच्या दिशेने किंवा पूर्वेला एइडच्या दिशेने जाऊ लागला. दक्षिण काठावरच्याला यांपैकी काहीच उपयोगाचं नव्हतं. ज्या पाण्याने दोन काठ जोडले होते तेच पाणी आता फेरीबोटीच्या वेळापत्रकाची अडचण झालं. शाळा एकत्र करायची म्हटली तर कुठल्या काठावर? डॉक्टर ठेवायचा तर कुठे? मधोमध गाव नव्हतंच. मधोमध फ्योर्ड होता.

याच वेळी देशपातळीवर नगरपालिकांची संख्या कमी करण्याचं काम चालू होतं. १९४६मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते निकोलाई शेई, आणि त्यांच्याच नावाने ती समिती ओळखली जाते. नॉर्डफ्योर्ड ज्यात येत होता त्याच सोग्न ओ फ्योर्डाने जिल्ह्याचे शासननियुक्त प्रमुख म्हणून शेई यांनी काम केलं. त्यामुळे होडीच्या काळातल्या हद्दी मोटारीच्या काळात कशा अडखळतात हे त्यांना कागदावर शिकावं लागलं नसणार, असं मला नेहमी वाटतं. समितीचा आग्रह दोन गोष्टींचा होता. युद्धोत्तर काळातल्या नव्या जबाबदाऱ्या, विशेषतः नऊ वर्षांची शाळा, पेलण्याइतकी लोकसंख्या हवी. आणि प्रत्येक नगरपालिकेला एक स्वाभाविक केंद्रगाव हवं, जिथे लोक तसेही जातात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस देशात ७४४ नगरपालिका होत्या. १९६७पर्यंत ४५४ उरल्या.

दुसऱ्या निकषावर डाविक टिकूच शकत नव्हतं. १ जानेवारी १९६४ला ते विसर्जित झालं. फ्योर्डच्या दक्षिणेकडचा भाग ब्रेमांगेरला गेला. उत्तर काठाचा पश्चिमेकडचा भाग, ब्रिग्या-टोटलांडसह, नव्या वोग्सॉय नगरपालिकेला. उत्तर काठाचा पूर्वेकडचा भाग एइडला. हद्द डोंगरमाथ्यावरून उतरून फ्योर्डच्या मध्यात आली. नॉर्डफ्योर्डच्या प्रशासकीय इतिहासातला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो, २०२०पेक्षाही मोठा. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी ही सीमा झाली.

डाविकच्या दक्षिण भागाची पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण तिथल्या लोकांवर यात अन्याय झाला असं म्हणणारे बरेच भेटतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ब्रेमांगेर हे स्वतःच बेटं, खाड्या आणि उभे कडे यांचं बनलेलं. होर्नेलेन हा तिथला कडा समुद्रातून सरळ ८६० मीटर उभा आहे. नगरपालिकेचं केंद्र स्वेल्गेन हे जलविद्युत आणि धातू-उद्योगाचं गाव, एका खाडीच्या तळाशी. डाविककरांना ते आपलं वाटावं असं काही नव्हतं. बेटाकडचा भाग पाण्याखालच्या बोगद्याने पूर्वेशी जोडला गेला तो २००२मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. नगरपालिका आधी कागदावर एक झाली आणि रस्ता मागाहून आला.

वोग्सॉयचंही तसंच. १९६४मध्ये नोर-वोग्सॉय, सोर-वोग्सॉय, सेल्येचा काही भाग आणि डाविकचा वाटा मिळून वोग्सॉय नगरपालिका झाली. तिचा अर्धा भाग बेटावर आणि अर्धा मुख्य भूमीवर, आणि दोघांना जोडणारा मोलॉयचा पूल खुला झाला १९७४मध्ये. मधली दहा वर्षं फेरीबोटीवर निघाली. इथे एक सावधगिरी. वोग्सॉय हे बेटाचंही नाव आहे आणि १९६४–२०१९ या काळातल्या नगरपालिकेचंही. युद्धकाळाच्या नोंदींत, उदाहरणार्थ २७ डिसेंबर १९४१च्या ब्रिटिश कमांडो हल्ल्याच्या वर्णनात, वोग्सॉय म्हणजे बेट. त्या दिवशी लढाई झाली ते गाव मोलॉय तेव्हा सोर-वोग्सॉय नगरपालिकेत होतं.

ब्रेइम १९६४मध्ये पुन्हा ग्लॉप्पेनमध्ये आलं. रस्त्याने ब्रेइमचा माणूस ग्लॉप्पेनचं केंद्रगाव सान्डाने, तिथेच उतरतो, त्यामुळे इथे फारशी ओढाताण नव्हती. इन्विक आणि स्ट्रिन एक वर्ष उशिरा, १ जानेवारी १९६५ला, एकत्र आले. १८४३मध्ये ज्या इन्विकमधून स्ट्रिन निघालं होतं, तेच इन्विक आता स्ट्रिन या नावाखाली आलं, कारण सव्वाशे वर्षांत वजन पूर्वेकडे सरकलं होतं. त्याच सुमाराला ठिकठिकाणी वाड्या-वस्त्या या नगरपालिकेतून त्या नगरपालिकेत गेल्या. कोष्टकात शे-दोनशे माणसांचा फरक दिसला तर तो बहुधा यातलाच असतो. त्या वस्त्या शेताच्या नोंदणी-क्रमांकावरूनच शोधाव्या लागतात, नावावरून नाही.

हॉर्निंडाल मात्र या लाटेतून स्वतंत्र राहिलं. युरोपातलं सर्वांत खोल तळं, ५१४ मीटर खोलीचं, तिथे आहे. पण माणसं जेमतेम हजार-बाराशे. पुढची पंचावन्न वर्षं ती या भागातली सगळ्यात लहान नगरपालिका म्हणून टिकली.

मग १९६५ ते २०१९ हा काळ तुमच्या दृष्टीने निवांत आहे. सेल्ये, वोग्सॉय, ब्रेमांगेर, एइड, हॉर्निंडाल, ग्लॉप्पेन, स्ट्रिन या सात नगरपालिका. या काळातल्या कुठल्याही दोन वर्षांची तुलना ढोबळ कामासाठी थेट करता येते.

२०१४मध्ये सरकारने पुन्हा विलीनीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि २०१७मध्ये संसदेने त्यावर निर्णय घेतले. १ जानेवारी २०२०ला देशातल्या नगरपालिका ४२२वरून ३५६वर आल्या. (आज ३५७ आहेत, कारण शेजारच्या सुनमोरेतलं हाराम २०२४मध्ये ओलेसुनमधून पुन्हा वेगळं झालं.) त्याच दिवशी सोग्न ओ फ्योर्डाने आणि होर्डालांड हे जिल्हे एक होऊन वेस्टलांड झाला. एकाच तारखेला नगरपालिका, जिल्हा आणि सगळे सांकेतिक क्रमांक, तिन्ही बदलले. तुमच्या बेरजा जिथे फसतात ती जागा हीच.

नॉर्डफ्योर्डमध्ये तेव्हा तीन गोष्टी घडल्या. तिन्हींच्या मुळाशी रस्ता किंवा बोट आहे.

पहिली, हॉर्निंडाल. २०१२च्या सप्टेंबरात क्विव्स रस्ता खुला झाला. सुमारे साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासह हा रस्ता हॉर्निंडालचं केंद्र ग्रोडोस आणि उत्तरेकडचं वोल्डा यांना जोडतो. वोल्डात रुग्णालय आहे, विद्यापीठ-महाविद्यालय आहे. पूर्वी मधे उभा डोंगर होता, आता गाडीने सरळ जाता येतं. आठ वर्षांनी हॉर्निंडाल वोल्डात विलीन झालं, आणि वोल्डा मोरे ओ रूम्सडाल या दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने हॉर्निंडालने जिल्हाही बदलला. ऐतिहासिकदृष्ट्या नॉर्डफ्योर्ड, प्रशासकीयदृष्ट्या सुनमोरेकडे. ते खोल तळं आता दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं आहे. तुम्ही 'नॉर्डफ्योर्डची लोकसंख्या' म्हणून वेस्टलांडच्या यादीतल्या नगरपालिका बेरजेला घेतल्या, तर २०२०मध्ये हजारावर माणसं गायब होतात ती इथे.

दुसरी, स्टाड. एइड आणि सेल्ये एकत्र आले आणि त्यांना वोग्सॉयमधला ब्रिग्या-टोटलांडचा भाग येऊन मिळाला. हाच तो डाविकचा उत्तर-पश्चिम तुकडा. १९६४मध्ये तो मोलॉयकडे गेला होता, २०२०मध्ये नॉर्डफ्योर्डएइड या एइडच्या केंद्रगावाकडे आला. मोलॉय आणि नॉर्डफ्योर्डएइड यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरच ही वस्ती आहे, त्यामुळे दोन्हीकडे ओढ असणं साहजिक होतं. वोग्सॉय सुन्फ्योर्डकडच्या नगरपालिकेशी एक होणार असं ठरल्यावर इथल्या लोकांनी पूर्वेकडचा पर्याय धरला. एका पिढीच्या आठवणीत तीन नगरपालिका, घर न हलवता. नव्या नगरपालिकेला नाव स्टाडच्या द्वीपकल्पाचं, पण कारभाराचं केंद्र तिथून आत, नॉर्डफ्योर्डएइडला. सतराव्या शतकापासूनचं कवायतीचं मैदान, फ्योर्ड जातीच्या घोड्यांचं केंद्र आणि रुग्णालय असलेलं हे गाव पूर्वीपासूनच भोवतालच्या लोकांचं ठिकाण होतं.

तिसरी, किन. सुन्फ्योर्डच्या किनाऱ्यावरची फ्लोरा नगरपालिका आणि उरलेलं वोग्सॉय मिळून ही नगरपालिका झाली. नकाशा पाहिला की पहिल्यांदा चूक झाली असं वाटतं, कारण तिचे दोन भाग एकमेकांना लागून नाहीतच. मध्ये ब्रेमांगेर आहे, आणि ब्रेमांगेर स्वतंत्र राहिलं. फ्लोरो आणि मोलॉय ही दोन्ही मासेमारीची शहरं. त्यांच्यामध्ये जलद प्रवासी बोट धावते, आणि रस्त्यापेक्षा ती सरळ पडते. १९६४मध्ये मोटारीच्या तर्काने डाविकला तोडलं. २०२०च्या किनमध्ये मात्र समुद्रमार्गाचा जुना तर्क परत आलेला दिसतो. किनारपट्टीच्या माणसाला समुद्र अजूनही रस्ताच वाटतो, हे इथे सरळ दिसतं, आणि म्हणूनच 'जुनी हद्द म्हणजे मागासलेली, नवी म्हणजे शहाणी' असं मी कधी लिहीत नाही.

किन या नावाचा गुंता आता सोडवतो. १८३८चं किन म्हणजे सुन्फ्योर्डच्या किनाऱ्यावरचा मोठा परगणा, ज्याचं मध्ययुगीन दगडी चर्च किन बेटावर आजही उभं आहे. त्यात ब्रेमांगेर होतं. १८६०मध्ये फ्लोरो हे बंदर-शहर म्हणून त्यातून वेगळं निघालं, १८६६मध्ये ब्रेमांगेर गेलं, आणि १९२३मध्ये उरलेल्याचे किन, ब्रू आणि एइकेफ्योर्ड असे तीन भाग झाले. १९६४मध्ये फ्लोरो, किन, एइकेफ्योर्ड आणि ब्रूचा बहुतेक भाग मिळून फ्लोरा झालं, आणि किन हे नाव नगरपालिकांच्या यादीतून गेलं. २०२०मध्ये ते परत आलं, पण या वेळी त्यात वोग्सॉय आहे, जे आधीच्या कुठल्याच किनमध्ये नव्हतं, आणि ब्रेमांगेर नाही, जे पहिल्या किनमध्ये होतं. म्हणजे तुमच्या विदासंचात 'किन' नावाचे किमान चार वेगवेगळे प्रदेश असू शकतात: १८६०पूर्वीचा, मग १८६६पर्यंत हळूहळू आकसलेला, १९२३पासूनचा छोटा, आणि २०२०चा. नावावरून जोडणी करणारा कुठलाही संगणकीय आदेश इथे बिनतक्रार चालेल आणि बिनतक्रार चुकीचं उत्तर देईल.

म्हणून कामाची रीत अशी ठेवा.

नाव हा ओळखीचा आधार मानू नका. १९४६पासून प्रत्येक नगरपालिकेला चार आकडी क्रमांक आहे, त्यावरून सुरुवात करा, पण त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. क्रमांक टिकून हद्द बदलू शकते आणि हद्द टिकून क्रमांक बदलू शकतो. १४३९ हा क्रमांक आधी सोर-वोग्सॉयचा होता, १९६४नंतर तोच मोठ्या वोग्सॉयला लागला. याउलट जुन्या स्ट्रिनचा १४४८ होता आणि १९६५च्या नव्या स्ट्रिनला १४४९ मिळाला. तिथे क्रमांकच तुम्हाला सावध करतो, ही चांगली पद्धत. २०२०मध्ये ग्लॉप्पेन १४४५वरून ४६५०, स्ट्रिन १४४९वरून ४६५१ आणि ब्रेमांगेर १४३८वरून ४६४८ झाले. यांच्या बाबतीत क्रमांक बदलला तो जिल्हा बदलल्यामुळे, नगरपालिका तीच राहिली. किनला ४६०२ आणि स्टाडला ४६४९ हे क्रमांक आहेत. हॉर्निंडालचा १४४४ तर वेस्टलांडच्या मालिकेत कुठेच गेला नाही. तो वोल्डाच्या १५७७मध्ये शोधायचा.

म्हणून ओळखीसाठी तीन गोष्टी एकत्र ठेवा: क्रमांक, 'पासून' तारीख आणि 'पर्यंत' तारीख. या तिन्हींनी मिळून एक प्रदेश ठरतो. नाव फक्त वाचणाऱ्यासाठी.

पूर्ण विलीनीकरण झालं असेल तिथे काम सोपं आहे. ब्रेइमचे १९५०चे आकडे ग्लॉप्पेनच्या आकड्यांत मिळवले की आजच्या ग्लॉप्पेनच्या जवळ पोहोचता. इन्विक आणि जुनं स्ट्रिन मिळवलं की आजच्या स्ट्रिनच्या जवळ. 'जवळ' हा शब्द तळटीपेत राहू द्या, हलवलेल्या वाड्या-वस्त्यांमुळे.

विभाजन झालं असेल तिथे नगरपालिकेच्या पातळीवरचा आकडा अपुरा पडतो. डाविकची १९५०ची एकूण लोकसंख्या घेऊन ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात तीन वाटणं ही सर्वांत वाईट पद्धत आहे, कारण तिथलं बहुतेक क्षेत्रफळ निर्जन डोंगर आहे. माणसं काठावरच्या अरुंद पट्ट्यात राहतात. त्याऐवजी खालच्या पातळीवर उतरा. जुन्या जनगणनांमध्ये नगरपालिका गणनामंडळांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक मंडळात कुठली शेतं येतात ते दिलेलं असतं. शेत कुठल्या काठावर आहे हे कळलं की ते मंडळ ब्रेमांगेर, वोग्सॉय की एइड यांपैकी कुठल्या वाट्याचं हे ठरवता येतं. १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२०च्या गणनांची व्यक्तिनिहाय पानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटल संग्रहात खुली आहेत. शंभर वर्षं उलटल्याशिवाय ती खुली होत नाहीत, म्हणून १९५०साठी छापील मंडळनिहाय कोष्टकांवर अवलंबून राहावं लागेल. अलीकडच्या काळासाठी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाची लहान सांख्यिकी क्षेत्रं आहेत. ब्रिग्या-टोटलांडचा २०२०चा बदल त्या क्षेत्रांवरून स्वच्छ वेगळा काढता येतो.

शेतांच्या नोंदणी-क्रमांकांबद्दल एक इशारा. हे क्रमांक एकाच नगरपालिकेपुरते अनन्य असतात. दोन नगरपालिका एकत्र आल्या की दोघींकडे 'शेत क्रमांक १२' असतं, आणि मग एकीची सगळी मालिका पुढे ढकलतात. १९६४मध्ये आणि २०२०मध्ये असं झालं आहे. १८८६च्या जमीननोंदवहीतला क्रमांक आजच्या संकेतस्थळावर टाकून शोधलात तर भलतंच शेत उघडू शकतं. शेताचं नाव आणि चर्चचा परगणा दोन्ही पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या लेखनाचीही सवय करून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत इन्विक 'इंडविकेन' म्हणून येतं, डाविक 'डाविकेन', वोग्सॉयच्या स्वराचं लेखन वेगळं असतं, आणि १९१९पूर्वी जिल्ह्याचं नाव 'नोर्द्रे बेर्गेनहुस' असतं. हे वेगळे प्रदेश नाहीत, फक्त जुनी नावं आणि लिपीरूपं.

तुमच्या कामासाठी मी लक्ष्य म्हणून २०१९च्या सात नगरपालिका घ्याव्यात असं सुचवेन, २०२४च्या पाच नव्हे. कारण २०१९च्या हद्दींवर १९६५पासूनचे आकडे थेट बसतात, फ्योर्डचा आतला-बाहेरचा फरक दिसतो, आणि हॉर्निंडाल वेगळं राहतं. २०२०नंतरचे आकडे त्या हद्दींवर आणायला वोल्डातून हॉर्निंडालची, स्टाडमधून ब्रिग्या-टोटलांडची आणि किनमधून मोलॉयकडची सांख्यिकी क्षेत्रं उचलावी लागतील, एवढंच. १९६४पूर्वीचं डाविक मात्र तीन ओळींत लिहा: दक्षिण काठ, उत्तर-पश्चिम काठ, उत्तर-पूर्व काठ. उत्तर-पश्चिम काठाच्या ओळीला दोन 'पर्यंत' तारखा लागतील, ३१ डिसेंबर १९६३ आणि ३१ डिसेंबर २०१९. ती ओळ नीट बसली की बाकीच्या बेरजा तपासायला घ्या. गणनामंडळांची पानं वाचताना एखादं शेत कुठल्या काठावरचं हे ठरत नसेल, तर शेताचं नाव आणि मंडळ क्रमांक पाठवा, मी पाहून देईन.